अलेक्झांड्रियाचं खापर

सकाळी घरासमोर कौन्सिलची माणसं रस्त्यावर डांबर ओतत होती. तो वास आत आला आणि बाबा आठवले, इथल्या म्युझियममध्ये उभे असलेले.

ते कल्याणहून मँचेस्टरला एकदाच आले. म्युझियममध्ये एका टेबलावर जुन्या वस्तू हाताळायला ठेवल्या होत्या. बाबांनी अलेक्झांड्रियाच्या बंदरातल्या एका रांजणाचं खापर उचललं आणि त्याचा आतला काळा थर नाकाशी नेला.

"डांबराचा वास येतोय."

"बाबा, दोन हजार वर्षं झाली त्याला," मी कुजबुजलो. लोक बघत होते.

"अरे, आतून असं डांबर फासलेल्या रांजणांतून ते यवन, म्हणजे ग्रीक, दारू आणायचे, आपल्या कल्याणच्या बंदरात. एका यवनानं तर कार्ल्याच्या लेण्यात खांब दान दिलाय. नावगाव कोरलंय त्यावर." खापर हळूच खाली ठेवत त्यांनी विचारलं, "तो घरी परत गेला असेल का रे?"

"गेला असेल," मी म्हटलं. पार्किंगची वेळ संपत आली होती.

बाबा गेले तेव्हा मी इथेच होतो, लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर. पुढे कल्याणच्या बुद्धविहाराला त्यांच्या स्मरणार्थ दगडी बाक दिला. अक्षरं कोरणाऱ्यानं फोनवर माझं नाव विचारलं, मग गाव.

मी मँचेस्टर म्हणालो.