जुळलेले गुण

लेकीला, मनूला, रक्त चढवून ज्ञानेश्वरी तिच्यासह रत्नागिरीहून घरी आली, तर ओटीवर मुलीकडचे बसलेले, भटजी दिराची पत्रिका जुळवतायत. तिचं डोकंच फिरलं. ती तडक स्वयंपाकघरात गेली.

"आई, आधी दोघांचं रक्त तपासा म्हटलं होतं ना! प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच मनूच्या अंगात धड बनत नाही. आम्ही दोघं धडधाकट, तरी दोघांकडूनही तिच्यात दोष आला. भावजींच्या रक्तातही तो असेल. कितीदा सांगू?"

"हळू बोल गो, ओटीवर ऐकू जाईल," चहा गाळता गाळता सासू म्हणाली. "छत्तीसातले बत्तीस गुण जुळलेत."

मनूचा सुयांनी काळानिळा झालेला हात धरून ज्ञानेश्वरी ओटीवरच आली.

"आमचे तेहेतीस जुळले होते!"