पऱ्हाटीतली साखर

फोन आला तेव्हा मी मंडल कार्यालयात जुन्या प्रकरणाची एक मिसल चाळत होतो. माझी मोठी बहीण प्रमिलाताई आदिलाबादच्या कॉलेजात, तिच्या प्रयोगशाळेतच कोसळली होती. तिची विद्यार्थिनी रमा एवढंच म्हणाली, "मामा, लवकर या..." मी पोचलो तोवर सगळं संपलं होतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

आमचे आईवडील भीमपूरला दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे. वेचणी संपली की उरलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, लोक पेटवून देत. पुढं रसायनशास्त्र शिकवू लागलेल्या ताईला त्या धुरात साखर जळताना दिसायची. पऱ्हाटीत साखर असते, पण घट्ट बांधलेली. ती सोडवणारं एन्झाइम शोधायचं आणि पोटाला मानवणारी, मंद गोडीची खास साखर काढायची, हा तिचा ध्यास. आईला पटेना. "काडीतून साखर कशी निघन वं?" ताई म्हणाली, "भाकर लय वेळ चावली का गोड लागते ना माय? तुह्या थुंकीतलं जे करते, तेच मी काडीवर करून पाहून राह्यली."

पहिल्या यशाचा शोधनिबंध छापून आला, सत्कार झाले. वर्षभरानं तोच प्रयोग पुन्हा केला तर साखर येईना. शोधता शोधता कळलं, पहिल्या वेळी बाटलीत विकतच्या एन्झाइमचा अंश राहून गेला होता; साखर त्यानं सोडवली होती, ताईच्या एन्झाइमनं नाही. एक सहकारी म्हणाले, "काऊन सांगता मॅडम? कोण तपासून राह्यलं?" ताईनं निबंध मागे घेतला. त्या दिवशी ती माझ्याकडे आली, जेवली नाही. "लाज वाटून राह्यली रे," म्हणाली. मग चपला घालता घालता, "पण आता खरं कुठून सुरू करायचं, ते तरी समजलं."

तिचं स्वतःचं एन्झाइम प्रयोगाला लागणाऱ्या उष्णतेत टिकत नव्हतं. एका मे महिन्यात आम्ही भीमपूरला गेलो. बांधावर पऱ्हाटी आणि शेणाचा जुना ढीग कुजत होता, आतून वाफा निघत होत्या. तिनं सरळ कोपरापर्यंत हात घातला. मी ओरडलो, "ताई, हात भाजन ना!"

"भाजू दे! इथं जे जगून राह्यलं, ते माह्या भांड्यातही जगन!"

त्या मूठभर कुजक्यातल्या बुरशीतून, पुढं कितीतरी दिवस खपून, तिनं हवं ते एन्झाइम वेगळं काढलं. या वेळी स्वतःच्या हातावर तिचा भरवसा नव्हता. प्रयोग आधी रमाला, मग दुसऱ्या गावच्या कॉलेजाला करायला लावला. दोन्हीकडे साखर आली. आईनं चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "कमी गोड हाय." ताई इतकी हसली, इतकी हसली... पेटंटचा कागद तिनं डोळ्यांनी पाहिला, याचं समाधान आहे.

परवा तिचं सामान आणायला गेलो. चष्मा, डबा, शाल रमानं पिशवीत भरून ठेवली होती. टेबलावरची जाड वही मी उचलली, तशी ती म्हणाली, "मामा, ही राहू द्या ना. रोज लागते." पहिल्या पानावर ताईच्या अक्षरात होतं, 'आज काय चुकलं'. पानांमागून पानं तिच्या तारखा, तिच्या चुका... आणि शेवटी अक्षर बदललेलं. आदल्या दिवसाची तारीख, रमाची चूक, आणि त्याखाली दोनच शब्द : उद्या पुन्हा.