ठेवणीतली चादर

परवा धाराशिवला खासगी कामासाठी लॉजवर उतरले. पलंगावरच्या चादरीला डांबरगोळीचा वास आला आणि मी तशीच उभी राहिले.

आमच्या गावाबाहेर गोऱ्या साहेबांच्या काळचा डाकबंगला होता. माझे वडील, आबा, तिथं खानसामा. साहेबांच्या गाद्या त्यांनी जन्मभर घातल्या, पण आमच्या घरचं कुणी त्या पलंगावर कधी टेकलं नाही. साफसफाई झाली की फरशीवर बसायचं. मी बी.ए. झाले, घराण्यातली पहिली. त्या दुपारी आबांनी खोली उघडली, डांबरगोळ्या घातलेल्या पेटीतून ठेवणीतली चादर काढली, चारी कोपरे ओढून अंथरली.

"बस माय. आज तूच साहेब."

"चोरून न्हाय बसायची, आबा. साहेब होऊन येईन, रजिस्टरात नाव लिहीन, मग बसंन."

"लई ताठ हाईस," म्हणत ते हसले. चादरीची घडी मात्र त्यांनी फार सावकाश घातली. मला तेव्हा माझाच अभिमान वाटला.

नोकरी लागलीच नाही. आबा गेले, बंगलाही पडला. परवा लॉजच्या रजिस्टरात नाव लिहिलं आणि हुद्द्याच्या रकान्यात रेघ ओढली. वर आल्यावर त्या पलंगावर मला बसवेना. मी फरशीवरच बसले.