बोटभर कमी

टावर चौकात भाजी घेत होते तेव्हा श्रीकांतचा फोन आला. श्रीकांत म्हणजे वैजयंतीचा, आमच्या विजूचा, धाकटा भाऊ. "विजूताई गेली," एवढंच म्हणाला. झोपेतच गेली, हे मागाहून कळलं. अशा वेळी माणूस मटकन खाली बसतो म्हणतात. मी मात्र पिशवी हातात धरून टावरभोवती चकरा मारत राहिले... दुःख व्हायच्या आधी रागच आला. न सांगता उठून जायची तिची खोडच होती. सिनेमा अर्धा टाकून ही बाहेर, आणि मी समोसे धरून तिला शोधत फिरतेय! आता महिना उलटून गेला, पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. हे लिहिता लिहिता दोनदा चहा ठेवला आणि दोन्ही वेळा उतू घालवला.

आम्ही दोघी माधव नगरच्या. दोघींचे वडील महाराष्ट्रातून नोकरीपायी इकडे उज्जैनला आलेले, तिचे बँकेत, माझे रेल्वेत. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. फ्रीगंजात कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या दिसायला लागल्या होत्या आणि जो तो दुसऱ्याच्या मुलांनी कुठली 'लाइन' घ्यावी ते सांगत होता. अशा दिवसांत विजूने विद्यापीठात अपराधशास्त्र आणि पोलीस प्रशासन हा विषय घेतला. मला नुसतं एम.ए. व्हायचं होतं, कशात ते ठरलं नव्हतं, म्हणून मीही तिच्यामागून गेले. विजूला मात्र फौजदारच व्हायचं होतं, दुसरं काही नाही. "चोरांचा अभ्यास करणाऱ्या मुलीला चांगल्या घरातलं स्थळ कसं मिळायचं?" असं तिच्या बाबांनी विचारलं, तर म्हणते, "बाबा, त्यात चांगल्या घरांचाच अभ्यास जास्त आहे." वर्गात आम्ही दोघीच मुली. विजू प्रश्न विचारायला उठायची आणि उत्तर मिळालं तरी उभीच. आमचे सर वैतागून म्हणायचे, "बैठ जाइए, मुजरिम अभी भागा नहीं है।"

मग सिंहस्थ आला. आमच्या विभागातल्या मुलांना राम घाटाजवळच्या खोया-पाया केंद्रावर, म्हणजे हरवलेल्यांच्या तंबूत, मदतीला पाठवलं. तिथे एक म्हातारी आली, खानदेशातल्या कुठल्याशा खेड्यातली. गर्दीत नवऱ्याची चुकामूक झालेली. हवालदार तिला विचारतोय, "अम्मा, पति का नाम बोलो, तभी तो पुकारेंगे!" आणि ती पदर तोंडाला लावून नुसती मान हलवतेय. तो जितका ओरडला तितकी ती मिटत गेली. मला वाटलं, हिला हिंदी कळत नसेल. विजू तिच्यापुढे जमिनीवर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "आजी, नाव नका सांगू. उखाणा घ्या." म्हातारी त्या तशा अवस्थेतही लाजली. मग हळूच म्हणाली, "शिप्रेच्या घाटावर गर्दी झाली फार, दगडूरावांचा हात सुटला, कोण नेईल पार..." विजूने भोंग्यावरून मराठीत दगडूरावांना हाका मारल्या आणि थोड्या वेळाने ते एका पायात चप्पल घालून धावत आले. तिथल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी हे सगळं पाहिलं होतं. म्हणाले, "हम चिल्लाकर पूछते हैं, तुमने ढंग से पूछा। फोर्स में आ जाओ, बेटा।"

झालं! तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. पहाटे पळायला जायची, मला ओढून न्यायची. लेखी परीक्षा पास झाली. उंची पुरेशी आहे याची घरातल्या सगळ्यांना खात्री होती, कारण ती काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, स्वतः शिवणकामाच्या टेपने मोजली होती. मोजली ती अंबाड्यासकट! हे भरतीच्या मैदानावर उघडकीला आलं. तिथल्या बाईंनी केस सोडायला लावले आणि विजू बोटभर कमी भरली. बोटभरच! मोजणारा हवालदार बापाच्या वयाचा होता. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "बेटी, ज़रा एड़ी उठा ले, मैं लिख दूँगा।" मी दोरीच्या पलीकडे उभी राहून मनात ओरडत होते, उचल गं बाई, उचल! तिने एकदा खाली पायांकडे पाहिलं. टाचा जमिनीवर घट्ट टेकवल्या आणि म्हणाली, "जितनी हूँ, उतनी लिखिए।"

परतीच्या बसमध्ये मी तिला वाट्टेल ते बोलले. "त्याने कुणाचं काय नुकसान झालं असतं?" तर म्हणते, "अगं, मग पहिलं मलाच आत टाकावं लागलं असतं ना!" आणि हसली. त्यानंतर उज्जैन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत रडली. मला आजही तिचं पटत नाही. चांगली फौजदार झाली असती ती.

पुढे ती शाळेत शिकवायला लागली. लग्न केलं नाही. हळूहळू गल्लीतल्या, मग लांबलांबच्या बायका तिच्याकडे यायला लागल्या, कारण ठाण्यात एकटीने जायची भीती वाटायची. विजू सोबत जायची आणि लिहून झालेली तक्रार बाईला वाचून दाखवल्याशिवाय तिला सही करू द्यायची नाही. "पहले पढ़कर सुनाइए।" कायद्यातच आहे ते. आम्ही दोघींनी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, मी पेपर देऊन विसरून गेले. मी म्हणायचे, "वर्दी असती तर हेच रुबाबात केलं असतंस." त्यावर एकदा ती शांतपणे म्हणाली होती, "असती तर बरंच झालं असतं की. नाही कोण म्हणतंय?"

परवा श्रीकांतकडे, विजू राहायची त्याच घरी, गेले होते तेव्हा दारात एक तरुण बाई आली. ओठ सुजलेला, सासरहून हाकललेली. "दीदी हैं?" तिला काही ठाऊकच नव्हतं. श्रीकांत माझ्याकडे बघायला लागला. मी चप्पल घातली.

ठाण्यात तक्रारी लिहिणाऱ्या मुंशीने मान वर करून विचारलं, "आज दीदी नहीं आईं?" मी सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. मग त्याने कागद पुढे ओढला आणि विचारत विचारत लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर त्या बाईने सहीसाठी हात पुढे केला. मी काही म्हणणार, एवढ्यात मुंशीनेच कागद मागे घेतला. "रुकिए, पहले सुन लीजिए।" आणि तो वाचायला लागला. मध्येच ती घाबरत म्हणाली, "पति ने नहीं, जेठ ने मारा था।" त्याने ती ओळ खोडली, नवऱ्याच्या जागी थोरला दीर असं नीट लिहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.