जोतिबाला जाऊन आलेली बोट

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं हसायला सोपं जाईल. जन्म मंगळवार पेठेतला, पंचगंगेचा घाट सायकलवरून पंधरा मिनिटांवर, आणि सख्खा मोठा भाऊ असा की निम्म्या पेठेला त्यानं पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलं. मलाही शिकवायला बघितलं. तीन वेळा ढकललं, तिन्ही वेळा मी त्याच्याच मानेला मिठी मारून दोघांना बुडवायला निघालो. चौथ्यांदा तो म्हणाला, "तू काठावर कापडं सांभाळ." तेव्हापासून मी कापडं सांभाळत आलो.

असल्या माणसानं बोट विकत घेतली. लोक विचारायचे, का? मी काहीतरी ठोकून द्यायचो. खरं कारण दादाचा पाय होतं.

त्याच्या सात वर्षं आधीची गोष्ट. राधानगरी रस्त्यावर फटफटी मी चालवत होतो, मागं दादा. वळणावर खडी पसरलेली, समोरून उसाची ट्रॉली. मी उडालो तो बांधावरच्या पाल्यावर पडलो, मला साधं खरचटलंही नाही. दादाचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. पुढं त्याला जयपूर फूट बसवला, तो चालायला लागला, सायकलीचं दुकान पूर्वीसारखं बघायला लागला, गिऱ्हाइकांवर पूर्वीसारखा ओरडायला लागला. पण घाटावर गेला नाही. एकदाच तो वहिनींना म्हणाला होता, "पायरीवर पाय काढून ठिवायचा, आन् ज्येंला पवाय शिकवलं त्येंनी बघत बसायचं? मला न्हाय जमायचं." वहिनींनी ते मला सांगितलं. आम्ही दोघं भाऊ मात्र त्यावर एक अक्षर बोललो नाही. राजकारण, कुस्ती, रश्श्यात मीठ जास्त का कमी, सगळ्यावर भांडायचो. त्या फटफटीवर सात वर्षांत एकदाही नाही.

माझा उचगावला लहानसा कारखाना होता. दोन लेथ, एक ड्रिल आणि एक मिस्त्री, जो स्वतःला मालक आणि मला कारकून समजायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी वेंगुर्ल्याच्या बाजूला एका बर्फ कारखान्याचा पंप बसवायला मी गेलो होतो. काम झाल्यावर माडाखाली निळा ताडपत्री कागद दिसला. खाली बोट. पांढऱ्या फायबरची, अठरा फूट लांब, पुढं बुटकी केबिन, आत दोन माणसं झोपतील एवढे बाक, ताटलीएवढं बेसिन, मागं पेटीत पेट्रोलचं इंजिन. बाकावर एक कोंबडी अंडी उबवत होती. कोंबडीनं माझ्याकडं असं बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आणि तिथंच डोक्यात किडा शिरला. दादाला पायरी उतरायची नाही ना? मग पायरीच नको. खुर्चीत बसून पाण्यावर जाऊ दे की! राजासारखा!

मालक म्हातारे होते, पूर्वी पाहुण्यांना खाडीत फिरवायचे. आता गुडघे गेले म्हणून विकायची होती. वापरलेली बोट कशी बघतात ते मला काय ठाऊक? मी म्हैस बघतात तशी बघितली. भोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीवर थापटलं, खालून वाकून बघितलं. म्हातारबाबांनीच रुपयाचं नाणं हातात दिलं आणि बुडाला ठोकायला लावलं. खणखणीत वाजलं की अंग चांगलं, बद्द वाजलं की आत पाणी शिरलंय. सगळीकडं खणखणीत वाजलं. मग ते म्हणाले, "चला, खाडयेत एक फेरी मारून बघूया." मी म्हणालो, "नको, नको! विश्वास आहे आपला." विश्वास कसला, मला पाण्यात जायचं नव्हतं. शेवटी प्लास्टिकच्या पिंपात पाणी भरून, त्यात नळी सोडून इंजिन चालू करून दाखवलं. म्हणजे जी वस्तू पाण्यावर चालवायची, ती मी पाण्यात न घालताच घेतली.

निघताना म्हातारबाबांनी तीन गोष्टी सांगितल्या. बुडाशी पितळी बूच आहे, ते लावल्याशिवाय पाण्यात ढकलायची नाही. चालू करायच्या आधी पेटीचं झाकण उघडून पेट्रोलचा वास घालवायचा. आणि तिसरी, "इंजिनाक गार पाणी गावाक व्हया. नायतर रुसतला हां!" पहिल्या दोन मी पाठ केल्या. गार पाणी मिळालं नाही तर इंजिन रुसतं, हे मी हसण्यावारी नेलं.

ट्रकवर बोट टाकून घाट चढलो. चहाला थांबलो की माणसं गोळा. "पावणं, ह्ये काय न्हेतायसा?" "बोट." "कुठं?" "कोल्हापूरला." मग ते एकमेकांकडं बघायचे आणि माझ्याकडं दयेनं बघायचे. एक जण म्हणाला, "रंकाळा वाढवलाय काय?"

दादा दुसऱ्या दिवशी उचगावला आला. काठी टेकत ट्रॉलीवर ठेवलेल्या बोटीभोवती एक फेरी मारली. मी म्हणालो, "दादा, ह्या खुर्चीत बसायचं. पाण्यावर!"

"पाण्यावर?" तो म्हणाला. "पाण्यावर काय बसायचं? पाणी काय बसायची वस्तू हाय? पाण्यात उतरायचं असतंय." आणि रिक्षा बोलावून निघून गेला.

मला असा राग आला म्हणता! एवढ्या लांबून, एवढ्या उरस्फोडीनं आणली, आणि हे ऐकायचं. वहिनी मागं थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, मनाला लावून घेऊ नगासा. बुडाला नाणं वाजवून बघत होतं ते. आवडली असंल तरच वाजवत्यात." मग पदर खोचून बोटीकडं बघत म्हणाल्या, "पर ही पयल्यांदा जोतिबाला न्यायची. त्याशिवाय चाक हलवायचं न्हाय."

"वहिनी, हिला चाकं नाहीत."

"ट्रॉलीला हायत की!"

 आमच्याकडं लुना घेतली तरी पहिली जोतिबाच्या डोंगरावर जाते, ट्रॅक्टर जातो, ट्रक जातो. बोट का नाही? तर झालं असं, की जी बोट अजून तळ्याला लागली नव्हती, ती रविवारी सकाळी ट्रॅक्टरमागं लागून डोंगर चढायला लागली.

मिस्त्री बोटीत बसला होता. त्यानं आठवडाभर इंजिन खोलून त्याच्यावर पीएचडी केली होती. आयुष्य विहिरीवरच्या डिझेल इंजिनात गेलेलं, त्यामुळं सगळं कळलं, फक्त रेडिएटर कुठं दिसेना. मग शोध लागला. "मालक, ही बया तळ्याचंच पाणी पिऊन गार हुतीया! बघा, ह्या भांड्यात पाणी गाळून घेतीया." जाळीचं ते भांडं त्याला इतकं आवडलं की येईल त्याला झाकण काढून दाखवायचा. डोंगरावरही दाखवत होता.

वर ही गर्दी. पुजाऱ्यांनी बोट बघितली, मला बघितलं. "हिचं तोंड कुठलं?" मी टोक दाखवलं. टोकाला हार घातला. वहिनी म्हणाल्या, इंजिनाला हळदकुंकू लावा, खरं काम त्याचंच. मिस्त्रीनं पेटी उघडली. एक म्हातारी मला विचारत होती, माणशी किती घेता म्हणून. तेवढ्यात कुणीतरी आरोळी ठोकली, "चांगभलं!" आणि चारी बाजूंनी गुलाल आणि खोबरं आलं. मूठ मूठ, ओंजळ ओंजळ. बोट गुलाबी, ट्रॅक्टर गुलाबी, मिस्त्रीचे नुसते दात दिसत होते. एकमेकांचं तोंड ओळखू येईना. मिस्त्रीनं चाचपून भांड्याचं झाकण लावलं, पेटी बंद केली, आणि आम्ही खोबरं खात खाली उतरलो.

पुढच्या रविवारी पश्चिमेकडच्या एका धरणाच्या फुगवट्यावर गेलो. पाटबंधारे खात्याच्या साहेबांकडून परवानगीची चिठ्ठी आणली होती. मी अंगात लाइफ जॅकेट घातलं, आणि भरवसा नको म्हणून कमरेला ट्रकच्या चाकाचं फुगवलेलं इनर. दादा काठावर दगडावर बसला होता. मला बघून म्हणाला, "पाण्यात चाललायस का पंक्चर काढायला?"

तो यायला तयार नव्हता. मी एकटाच चढलो, बूच लावलं, झाकण उघडून वास घालवला, आणि सुकाणूला अशी मिठी मारली की वहिनींना काठावरून दिसलं. त्या दादावर कडाडल्या, "आवो, ते भावजी बुडून मरतील! कुनी एक पवणारं नगं व्हय संगट?" दादानं शिवी हासडली, काठी वहिनींच्या हातात दिली, मिस्त्रीच्या खांद्याचा आधार घेतला आणि बोटीत आला. माझ्या भित्रेपणाचा जन्मात एवढाच उपयोग झाला.

इंजिन पहिल्या किल्लीला लागलं. काय सांगू! मागं पाणी फाकायला लागलं, काठावर मिस्त्री नाचायला लागला. दादा खुर्चीत ताठ बसून समोर बघत होता. पण हात बाहेर सोडून बोटं पाण्यात बुडवली होती. सात वर्षांनी. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, जिंकली लढाई.

बरोबर मधोमध गेल्यावर दादा मागं वळून म्हणाला, "ह्ये रगत का मुतायलीया?"

मी वळून बघितलं. ज्या भोकातून गार केलेलं पाणी बाहेर पडतं, तिथून भडक गुलाबी धार लागली होती. मग धार बारीक झाली. मग थांबली. मग वाफ आली, करपल्याचा वास आला, इंजिन खोकलं आणि गप्प झालं. वल्हं? इंजिन आहे की, वल्हं कशाला, म्हणून आणलंच नव्हतं. वारा आम्हाला हळूहळू पलीकडच्या जंगलाच्या अंगाला लोटायला लागला. काठावरच्या वहिनी अंगठ्याएवढ्या दिसत होत्या.  मी इनर दोन्ही हातांनी धरलं आणि चक्क म्हणालो, "दादा, मला घरी जायचंय."

दादानं चारी बाजूंना बघितलं. पाणी, पाणी आणि पाणी. माणूस नाही, पायरी नाही. सावकाश त्यानं शर्ट काढला. मग पँट. मग पट्टा सोडून पाय काढला आणि माझ्यापुढं धरला.

"ह्ये धर. कापडं सांभाळ."

टोकाची दोरी छातीभोवती बांधली, कडेवर बसला आणि स्वतःला मागं सोडून दिलं. धप्पकन पाणी उडालं आणि तो दिसेनासा झाला. मी बोंब ठोकायला तोंड उघडलं, तोवर डोकं वर आलं. तोंड धुतल्यासारखं पाणी पुसलं, "लई गार हाय रं!" असं ओरडला, आणि हसला. हसणं कसलं, खदाखदा, घाटावर पुलावरून उडी मारल्यावर हसायचा तसं. मग हात मारायला लागला. सुरुवातीला तिरका चालला, एका पायानं सावरता येईना. दहा-बारा हातांनी पाण्याचं गणित बसलं आणि मग बोट हलली. अठरा फुटांची बोट, आत मी, इनर, लाइफ जॅकेट.

मी खुर्चीत बसलो होतो. राजासारखा. मांडीवर दादाचा पाय. इतक्या वर्षांत मी त्या पायाला कधी हात लावला नव्हता, नीट बघितलंही नव्हतं. आत मऊ फडकं होतं, वहिनींनी शिवलेलं. मला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं, लाज सोडून रडलो. दादा दम खायला थांबला, दोरीला धरून मागं वळला.

"आता काय झालं?"

"फटफटी मी चालवत होतो, दादा."

"ठाव हाय की," तो म्हणाला. "मी मागं बसलोतो." आणि परत हात मारायला लागला.

काठाला लागायला तास गेला. वहिनी हसत होत्या का रडत होत्या ते त्यांनाही कळत नव्हतं. मिस्त्रीनं भांडं उघडलं. आत गुलालाचा चिखल, आणि नळीच्या तोंडात बूच मारल्यासारखा खोबऱ्याचा तुकडा. त्यानं कानाची पाळी धरली, म्हणाला, आठ दिवसांत साफ करून देतो. दादा टॉवेलनं डोकं पुसत पाण्याकडं बघत होता.

मिस्त्रीनं शब्द पाळला. पुढच्या रविवारी इंजिन पहिल्या किल्लीला लागलं, मागून पाण्याची स्वच्छ पांढरी धार. दादा खुर्चीत बसला, हाताची घडी घालून, तोंड लहान करून. अगदी मधोमध गेलो. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

दादानं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या किल्लीकडं बघितलं.

"काय झालं रं?"

"बंद पडली, दादा."

"खोबरं अडाकलं असंल," तो म्हणाला, आणि पट्टा सोडायला लागला.