तळहात न दाखवणारा पाहुणा

फौजी माणूस मी नुसत्या चालीवरून ओळखतो, असं मी आमच्या मेडशी गावात निदान पन्नास जणांना तरी ऐकवलं असेल. पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि आता वाशीमच्या एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो. कुणाच्या खांद्यावर काही चमकलं की माझा हात आपोआप कपाळाकडे जातो. एकदा ड्युटीवर असताना लाल कोट, सोनेरी झालर आणि छातीवरचे बिल्ले पाहून मी टाच आपटून असा कडक सॅल्यूट ठोकला की रस्त्यावरची माणसं थांबली. तो लग्नातल्या बँडचा मास्तर निघाला. त्यानंही वाद्य बगलेत धरून सॅल्यूट परत केला, आणि खरं सांगतो, त्याचा पंजा माझ्यापेक्षा सरळ होता. एवढं होऊनही मला अक्कल आली नाही.

मग पोरीला स्थळ आलं. ती वाशीमलाच एका दवाखान्यात नर्स आहे. मुलगा केनवडचा, नौदलातला. दोघं फोनवर बोलले होते आणि तो पोरीच्या मनात भरला होता. हे तिनं आईला सांगितलं, आईनं मला. "आता मधात तुमचं फौजीपण काढू नका बापा," असंही बायकोनं बजावून ठेवलं होतं.

पाहुणे आले, जय भीम झाला, पोहे आले. मुलगा साध्या शर्टपँटमध्ये, हळू बोलणारा. चालताना जरा डुलायचा, तेव्हाच माझी भुवई वर गेली. त्याच्या वडिलांनी कौतुकानं मोबाईल पुढे केला. पांढऱ्या गणवेशात, जहाजावर सॅल्यूट करताना मुलाचा फोटो. मी चष्मा लावला. सॅल्यूटमध्ये तळहात दिसतच नव्हता! पंजा खाली वळलेला, उन्हात डोळ्यांवर हात धरून बैल कुठं गेला ते पाहावं तसा. आमच्याकडे पंजा समोर दिसलाच पाहिजे. रिक्रुटाचा पंजा एवढा वाकला असता तर मी त्याला मैदानाला तीन चकरा मारायला लावल्या असत्या.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगा नकली आहे! गणवेश घालून लग्नं जमवणारे भामटे मी पेपरात वाचलेच होते.

"हा सॅल्यूट तुले कोनं शिकवला बे?" मी विचारलं.

"ट्रेनिंगमंधी, काका."

"कोनत्या ट्रेनिंगमंधी पंजा लपोतात? आयकार्ड दाखव."

मुलाचे कान लाल झाले. "काका, कार्ड घरी हाय. पोरगी पाहाले येतानी कार्ड कायले आणू?"

बरोबरच बोलला होता. मी मात्र बायकोकडे असं पाहिलं की, बघ, कसा पकडला! त्याचे वडील उठले. शेतात राबलेला माणूस, आवाज अजिबात चढवला नाही. "चोर समजले का भाऊ आमाले? येतो आमी." पोहे प्लेटांत अर्धे तसेच राहिले.

शाबासकी घ्यायला मी माझ्या जुन्या सुभेदार साहेबांना फोन लावला. "साहेब, एक नकली पकडला!" सगळं ऐकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अरे येड्या, नेव्हीचा सॅल्यूट तसाच असतो. जुन्या काळी जहाजावर काम करून हात डांबरानं काळे व्हायचे, ते साहेबाला दिसू नयेत म्हणून पंजा खाली, असं सांगतात. तू समुद्र तरी पाहिला आहेस का कधी?"

नव्हता पाहिला. सगळी नोकरी डोंगरात आणि वाळूत गेली.

पोरगी पाहुण्यांच्या प्लेटा घासत होती. मी तिच्यामागे उभा राहून म्हटलं, "बाई, जरा घोळ झाला."

तिनं मान वर केली नाही. "बाबा, मी चार वर्साची होती तवा तुमी सुट्टीवर आले. तुमाले पाहून मी रडत दाराआड लपली होती. आई म्हने, हे तुहे बाबा व्हय. मी आली बाहीर. तुमचं आयकार्ड मांगलं होतं का मी?"

डोळे भरून आले ते लपवायला अंगणात गेलो, तर तिथं बायको उभी. तिनं मोटारसायकलची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

सकाळी केनवड गाठलं. दार त्या मुलानंच उघडलं. मी खिशातून माझं माजी सैनिकाचं ओळखपत्र काढून त्याच्यापुढे धरलं. "आधी माहं पाहून घे."

त्यानं ते खरंच घेतलं. उलटसुलट करून निवांत वाचलं. "फोटोत तर मिशा नाहीत, काका. हे तुमीच कशावरून?"

माफी मागायची तर रीतसर मागावी म्हणून मी टाच आपटली आणि हात उचलला. त्यानं तो मधेच धरला.

"काका, डोक्यावर टोपी कुठी हाय? बिनाटोपीचा सॅल्यूट तुमच्यात चालते का?"

नाही चालत. तो नियम त्यांचा आमचा एकच, आणि त्यासाठीही मी कितीतरी पोरांना चकरा मारायला लावल्या आहेत. मी हात खाली घेतला. मग दोन्ही हात जोडून म्हटलं, "जय भीम, बापू. चुकलो मी."

"जय भीम, काका. या आतमंधी."

आत त्याची आई पोह्यांना फोडणी देत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीमागे रिकाम्या दाराकडे पाहिलं, आणि फणकाऱ्यानं म्हणाली, "एकलेच आले? पोरीले काहून नाही आणलं संगं?"