रुपरावजींनी न विचारलेला प्रश्न

रुपरावजी आमच्या लॅबचे अटेंडंट. काचसामान धुणं, जंतू वाढवायच्या बशा भरणं आणि गिनिपिगांची देखभाल ही त्यांची कागदावरची कामं. नव्या डॉक्टरांना शहाणं करणं हे बिनपगारी. नंदनवन वस्तीतून सायकलने यायचे आणि आल्या आल्या पिंजऱ्यांत लसूणघास टाकायचे. मी १९७४ साली पदवीचा ताठा घेऊन रुजू झाले, तो त्यांनी आठवडाभरात उतरवला.

जुलाबाचे जंतू दोन तऱ्हेचे, हे मी वाचलं होतं. पाहिलं ते त्यांच्या हातून. रोग्याच्या शौचातून वाढवलेल्या जंतूंचा थेंब गिनिपिगच्या डोळ्यात सोडायचा. दोन-तीन दिवसांत डोळा लाल होऊन चिघळला, तर तो जंतू पेशीत शिरणारा.

"कॉलऱ्याचा जंतू आतड्यावर बसून पाणी काढते, मॅडम," ते म्हणाले. "हा आतच घुसते. तिथंच पिल्लं काढते, मंग बाजूच्या पेशीत जाते. जागा सडते, म्हणून रक्त पडते."

इतकं सोपं करून मला कुठल्या प्राध्यापकाने सांगितलं नव्हतं. ज्या गिनिपिगचा डोळा बिघडे, त्याला मांडीवर घेऊन ते "माफ कर बा" म्हणायचे आणि आम्ही दात काढायचो.

पुढे साखर-मिठाचं पाणी आलं. मी त्यांना प्रमाण शिकवलं, त्यांनी ते गल्लीत घरोघरी नेलं. लेकराला जुलाब लागले की पाणी तोडायचं, हा आपल्याकडचा जुना खुळेपणा. तो त्यांनी भांडून भांडून मोडला. किती तरी पोरं त्या पाण्याने वाचली. त्यांना त्याचा अभिमान होता, मलाही होता. त्या अभिमानानेच घात केला.

१९८१च्या भाद्रपदात त्यांच्या नातवाला जुलाब लागले. पोर दीड वर्षाचं. मुलगा गिरिधर कामठीला यंत्रमागावर, आठवड्याने घरी येणारा. रुपरावजींची बायको आधीच वारलेली. घरात सून जयवंता आणि सासरा, एवढेच. जयवंता डोक्यावर पदर घेऊन दाराआडून बोलायची, तेही कामापुरतं.

"मामाजी, बाबूले पातळ होऊन राहिलं," एवढंच ती म्हणाली.

त्यांनी पाणी करून दिलं आणि सायकल काढली. संध्याकाळी विचारलं, पाणी पाजतेस ना? ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. ती खरंच वाटी-चमचा घेऊन दिवसभर पाजत बसली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना मोरीत लंगोट दिसले. शेंबडासारखी आव आणि रक्त. तापलेलं पोर खांद्यावर टाकून ते दवाखान्यात धावले. औषध सुरू झालं, पण तोवर झटके येऊ लागले होते. दुपारी पोर गेलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा रुपरावजी सुनेला विचारत होते, "काहून नाही सांगितलं वं?"

जयवंता पहिल्यांदाच दाराबाहेर येऊन बोलली. "सासऱ्यासमोर असं कसं बोलू, मामाजी? तुम्ही विचारलं असतं तं सांगितलं असतं."

प्रमाण शिकवताना, रक्त दिसलं तर नुसत्या पाण्यावर थांबू नका, औषध लागतं, हे मी बोललेच नव्हते. रोज गिनिपिगांचे ते डोळे पाहणाऱ्या माणसाला हे काय सांगायचं, असं वाटलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मीच लावला होता. त्याची लाज मला आजही वाटते.

त्यानंतर नमुना घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला रुपरावजी सगळ्यांसमोर विचारू लागले, "रक्त पडते का?" बायका लाजून खाली पाहायच्या. उत्तर मिळेपर्यंत ते डबी हातात घेत नसत.

१९८७मध्ये, निवृत्तीला दोन महिने उरले असताना, ते एका सकाळी उशिरा आले. जयवंताला आता एक मुलगी होती, तिला जुलाब लागले होते.

"सून सैंपाकघरातून बाहेर आली, मॅडम. माह्यासमोर लंगोट उघडून धरला. म्हणे, मामाजी, पाहून घ्या, रक्त नाही."

पोरगी कशी आहे, मी विचारलं.

"बरी आहे. खेळून राहिली." त्यांनी लसूणघासाची जुडी सोडली. "एवढंच पाहिजे होतं, मॅडम. सहा वर्षं आधी."

मग ते पिंजऱ्यांकडे गेले.